डबा तापायच्या आत

दातांचे डॉक्टर पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांना पाव हवे असतील असं मला वाटलं. आमची जागा पूर्वी बेकरी होती. बेकरी बंद होऊन वर्षं लोटली, पण अजूनही कुणीतरी पिशवी घेऊन येतं आणि हिरमुसून परत जातं. मी सवयीने सांगितलं, पाव बंद झाले. डॉक्टर म्हणाले, त्यांना पाण्यावर पळणारी स्कूटर हवी आहे. म्हटलं, मग आत या, ती भट्टी चालू आहे.

भट्टी खरोखरच चालू होती. माझा भाचा आणि त्याची बायको कार्बनच्या कापडाच्या वस्तू बनवायचे. हे कापड काळं, चकचकीत, घट्ट विणलेलं असतं. लांबून एखाद्या श्रीमंत माणसाच्या पँटचं वाटावं. ते साच्यात अंथरायचं, त्यावर रेझिन नावाचा चिकट रस चोपडायचा, वरून प्लास्टिकची पिशवी लावून पंपाने आतली सगळी हवा ओढून घ्यायची आणि मंद आचेवर भाजायचं. बाहेर येतं ते लोखंडाला भारी आणि सुपाहून हलकं. जिथे एके काळी पाव फुगायचे, तिथे आता काहीही फुगू नये म्हणून दोन माणसं जिवाचं रान करत होती.

डॉक्टर पन्नाशीपुढचे, बोलायला मऊ. आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून त्यांना वेगाची तहान लागली होती. बाजारात मिळणारी स्कूटर त्यांना जड वाटायची. त्यांना इंजिन तेवढंच ताकदीचं, पण अंग निम्म्या वजनाचं हवं होतं, आणि बैठक त्यांच्याच गुडघ्यांच्या मापाची. कवळी ज्याच्या त्याच्या मापाने करतात, मग ही का नाही, असं त्यांनी विचारलं. भाच्याला हे एकदम पटलं. सूनबाईने मापाची टेप काढली.

सूनबाई म्हणजे भाच्याची बायको. नात्याने भाचेसून, पण तो शब्द तोंडातून पुरता निघेपर्यंत ती चहा ठेवून पुन्हा कामाला लागलेली असायची. ती मूळची मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणारी. त्यामुळे कापड तिचं आणि रेझिन त्याचं, अशी वाटणी होती. ती कागदाचे बेत कापायची, त्यावरून कापड बेतायची, आणि तिने कापलेला तुकडा साच्यात असा बसायचा की साचाच त्या तुकड्यावरून केलाय असं वाटावं. भाच्याला आमच्या घरात सगळे तराजू म्हणतात. तो चहात साखर वजन करून घालतो. स्वतःच्या चहात घालतो ते ठीक, पाहुण्यांच्याही घालतो.

मी निवृत्त झालो, बायको गेली, आणि मी यांच्या माळ्यावर राहायला आलो. रिकामा म्हातारा कारखान्यात धोकादायक असतो, म्हणून मला एक पद देण्यात आलं. रेझिनमध्ये हार्डनर ढवळला की ते आतल्या आत तापत जातं आणि बघता बघता दगड होतं. त्याच्या आत सगळं कापड बसवून मोकळं व्हावं लागतं. मी स्टुलावर बसून डब्याला हाताची मागची बाजू लावून ठेवायची आणि डबा तापायला लागला की "तापला" म्हणायचं. एवढंच काम. पण नोकरीत असताना माझ्या कुठल्याही शब्दावर माणसं अशी धावली नव्हती.

कामाच्या टेबलावर एक गोल काळा डाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, रेझिन ढवळून झाल्यावर, भाच्याच्या आत्याला सुट्टीत राहायला बोलवायचं की नाही यावरून दोघांची जुंपली. बोलता बोलता डब्याकडे लक्ष राहिलं नाही. डब्यातून धूर निघाला, टेबल जळालं, आणि आत्या शेवटपर्यंत आली नाही ती नाहीच. त्या दिवशी नियम झाला: रेझिन ढवळलं की घरचं बोलायचं नाही.

नियम चांगला होता. चांगल्या नियमांची खोड अशी की ते वाढीला लागतात. पुढे पुढे ढवळायच्या आधीही घरचं बोलणं बंद झालं, कारण चित्त विचलित होतं. काम झाल्यावरही बंद झालं, कारण पिशवीतून कुठे हवा शिरत नाही ना, ते पंपाच्या आवाजावरून ऐकत बसावं लागतं. जेवताना भाच्याच्या डोक्यात उद्याचं रेझिन असायचं, म्हणजे एका अर्थी ते ढवळलेलंच असायचं. होता होता घरचं बोलायला घरात जागा उरली नाही. ते दोघं भांडत मात्र कधीच नव्हते. शेजारी त्यांचं उदाहरण द्यायचे.

मग सूनबाईचे वडील गेले.

फोन भाच्याच्या फोनवर आला, कारण तिचे हात कोपरापर्यंत चिकटात होते. एका मोठ्या बोटीचा तळ साच्यात चालला होता, अर्धा झाला होता, अर्धा व्हायचा होता. त्याने ऐकून घेतलं, "हो" म्हणाला आणि फोन ठेवला. मग तिला म्हणाला, पुढचा तुकडा दे. तिने दिला. त्याच्या पुढचा दिला. सगळा तळ बसला, पिशवी लागली, पंपाचा आवाज एकसारखा झाला, त्याने हातमोजे काढले आणि मग सांगितलं. तिने एवढंच विचारलं की फोन केव्हा आला होता. त्याने खरं ते सांगितलं. माझा भाचा खोटं बोलत नाही. अशा वेळी एखादा माणूस बोलतो तरी.

मी तेव्हा इथे राहत नव्हतो. ही हकीकत मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितली आणि ती शब्दाला शब्द जुळली. नवराबायकोच्या हकीकती सहसा जुळत नाहीत. जुळल्या की समजावं, दुखणं हाडापर्यंत गेलंय. बोट फार उत्तम झाली म्हणतात.

तर डॉक्टरांची मापं घेऊन झाली त्याच आठवड्यात दोघांनी मला खाली चहाला बोलावलं आणि सांगितलं की आम्ही वेगळे होतोय. दूरच्या एका गावात बोटींची दुरुस्ती शिकवणारी शाळा होती, तिथे सूनबाईला शिकवायला बोलावलं होतं. ती जाणार, तो राहणार. स्कूटरचं काम हाती घेतलंय, त्याला चार हात लागतात, म्हणून स्कूटर पुरी झाल्यावर. हे त्यांनी इतक्या शहाणपणाने सांगितलं की रागवायला मला फट सापडेना. भांडण असलं की चार वडीलधारी मध्ये पडतात, आरडाओरडा करतात, आपण काहीतरी केलं या समाधानात घरी जातात. समजूतदारपणापुढे वडीलधारी काय करणार? मी भाच्याला विचारलं, तुला हे चालणार आहे का. तो म्हणाला, तिचं बरोबर आहे. मी ते विचारलं नव्हतं.

म्हणजे हिशेब सरळ होता. स्कूटर झाली की संसार संपला. मी त्या स्कूटरचं वाईट चिंतायला लागलो. पण काम करणारी दोन्ही माणसं अशी, की वाईट होणार कसं? फोमचा आकार झाला, तो घासून घासून आरशासारखा झाला, त्यावरून साचा निघाला. डॉक्टर दर सुट्टीला यायचे. बैठकीसाठी लाकडाचा एक सांगाडा केला होता, त्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि तोंडाने बारीक इंजिनाचा आवाज काढायचे. वळणावर अंगही कलतं करायचे. त्यांच्या खुर्चीत बसून तोंड उघडणाऱ्या पेशंटांनी त्यांना अशा वेळी बघू नये असं मला मनापासून वाटे.

मग तळाचा दिवस आला. साच्यात कापड घालण्याआधी मेण लावावं लागतं, बेकरीत पत्र्याला तेल लावतात तसं. एक हात लावायचा, पुसायचा, चमकवायचा, मग दुसरा, मग तिसरा. मेण नसलं तर वस्तू साच्याला जी चिकटते ती जन्माची. मेण सूनबाईचं काम होतं. तिने एवढ्या वर्षांत ते कधी चुकवलं नव्हतं आणि भाच्याने ते कधी तपासलं नव्हतं. त्यांच्यात जे काही प्रेम उघड दिसायचं, ते मला वाटतं तेवढंच.

तळ घातला, पिशवी लागली, भट्टी झाली. दुसऱ्या दिवशी भाच्याने कडेला पाचर ठोकली. तळ हलला नाही. दुसरी ठोकली, तिसरी ठोकली, रबरी हातोड्याने सगळीकडून थोपटलं. साचा आणि तळ एकजीव झाले होते. आता दोन्ही फोडायचे, आणि पहिल्यापासून सगळं.

सूनबाई फळीवरच्या मेणाच्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझंच राहिलं असेल."

आता, रेझिनमध्ये एक केस सापडला म्हणून हा माणूस दिवसभर कुणाशी बोलला नव्हता. मी कानात बोटं घालायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "होतं असं कधी कधी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, वाट पाहिली. बस वळणावर दिसेल म्हणून माणूस रस्त्याच्या टोकाकडे बघत राहतो, तशी. तो हातोडा आणायला आत गेला.

माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या. नवा साचा म्हणजे निदान पाऊण वर्षाची निश्चिंती. डॉक्टरांना कळवलं तर ते शांतपणे म्हणाले, असतं एकेक प्रकरण, मुळापासून काढून नव्याने बसवावं लागतं. मागच्या अंगणात भाचा आणि मी तो साचा फोडायला बसलो आणि मी माझं शहाणपण बाहेर काढलं. म्हटलं, अरे ठोंब्या, तुला एवढंही कळू नये? ती बाई मेण विसरेल का? तिने मुद्दाम लावलं नाही. तिला जायचं नाहीये.

तो ठोकत राहिला. एक मोठा तुकडा निघाला, तो त्याने हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. वजनाचा अंदाज घेत असावा.

"मामा, तिने लावलं होतं," तो म्हणाला. "ती कात्रीला धार लावायला गेली होती ना, तेव्हा मी थिनरने पुसलं."

माझ्या हातातला हातोडा मी खाली ठेवला. टेबलावर धुळीचा कण दिसला तर भट्टी थांबवणारा हा माणूस. त्याने आपल्या हाताने आपलाच साचा बुडवला होता. मला एकाच वेळी त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही न करता मी म्हटलं, मग हे तिला सांग.

"काय सांगू?"

म्हटलं, हेच. मेण पुसलं, तू जाऊ नयेस म्हणून. दोन वाक्यं आहेत. वजन काहीच नाही त्यांचं.

तो म्हणाला, सांगतो. नवा साचा झाला की सांगतो.

त्याने प्रयत्न केले नाहीत असं मी म्हणणार नाही. एकदा तो तिला समोरच्या दुकानात चहाला घेऊन गेला. मी माळ्याच्या खिडकीत ठाण मांडून बसलो. तो बोलत होता, हातवारे करत होता, ती ऐकत होती, मध्ये एकदा हसलीसुद्धा. मला वाटलं, झालं काम. परत आल्यावर विचारलं तर कळलं की बैठकीखालचा फोम किती जाडीचा घ्यावा यावर चर्चा झाली. दुसऱ्या वेळी त्याने तिच्यासाठी एक नवी कात्री आणली, फार देखणी. तिने ती हातात घेतली आणि तिचे डोळे भरल्यासारखे झाले. तेवढ्यात त्याने सांगितलं की ही जुनीपेक्षा साठ ग्रॅमने हलकी आहे.

नवा साचा झाला. पहिल्याहून चांगला झाला. सूनबाईने पुन्हा मेण लावलं, हात फिरवून फिरवून चमकवलं. मग तिने फळीवरचा थिनरचा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण सैल केलं आणि कात्रीला धार लावून आणते म्हणून बाहेर पडली. कात्री नवीकोरी होती.

मी स्टुलावर होतो. मला तेव्हा उमगलं की तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. भाचा साच्यासमोर उभा राहिला. डब्याकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं. वाकून तिरप्या नजरेने त्या मेणावरून उजेड कसा सरकतो ते पाहिलं. माझ्या आयुष्यात कुणी थिनर ओतावा म्हणून मी इतकी आतुरतेने वाट पाहिली नव्हती.

त्याने झाकण घट्ट केलं आणि डबा फळीवर नेऊन ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "मेण फार सुरेख लागलंय रे. पुसवत नाही."

सूनबाई परत आली. तिने रिकाम्या टेबलाकडे पाहिलं आणि एप्रन बांधला. तळ दुसऱ्या दिवशी साच्यातून असा सुटला, जसं पिकलं फळ देठातून सुटावं.

त्यानंतर काम भराभर झालं. बैठक, दोन बाजू, आतल्या पट्ट्या. इंजिन आलं, पाणी मागे फेकणारा पंप बसला. शेवटी राहिलं पुढचं बॉनेट. त्याच्या आतल्या अंगाला एक अवघड कोपरा होता. अशा कोपऱ्यात कापड बसायला बघत नाही, ताणून उचललं जातं आणि खाली हवा राहते. तो कोपरा तिच्या बाजूला होता.

मी टेबलावरच्या डब्याशी स्टूल ओढून बसलो. त्याने हार्डनर ओतला, ढवळलं. तुकड्यामागून तुकडा बसत गेला. दोघांचे हात मला दिसत होते, कोण कुठे हात घालणार ते न बोलता ठरलेलं. असे चार हात एका माणसाला असते तर त्याचा देव झाला असता. शेवटचा तुकडा तिने कोपऱ्यात घातला आणि मान वर न करता म्हणाली,

"मी जाऊ नये असं तुला वाटतं का?"

इतक्या वर्षांत ढवळलेल्या रेझिनवर कुणी घरचं बोललं नव्हतं. पंप अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे कारखान्यात कसलाच आवाज नव्हता. माझ्या हाताखाली डबा कोमट झाला, मग गरम झाला. "तापला" म्हणणं माझं काम होतं. मी ते म्हटलं नाही. जळू दे म्हटलं टेबल, आणखी एक डाग पडू दे.

भाच्याने वर पाहिलं. तिनेही पाहिलं. त्याचं तोंड उघडलं. मी त्याला लहानपणापासून बघतोय, त्याच्या चेहऱ्यावर मी ते उत्तर अक्षर अक्षर वाचू शकत होतो. मग त्याची नजर खाली गेली. तिच्या बोटांपाशी कापड तसूभर उचललं होतं.

"कोपरा दाब," तो म्हणाला.

तिने दाबला. अंगठा कोपऱ्यात रोवून, खाली राहिलेली हवा कडेला सारत सारत, रेझिन वर येईपर्यंत दाबून धरला. बराच वेळ धरला. मग मी म्हटलं, तापला. ते कुणाला ऐकायचं नव्हतं. पिशवी लागली, पंप सुरू झाला आणि दोघं त्याचा आवाज ऐकत उभी राहिली, हवा कुठून शिरत नाही ना म्हणून.

बॉनेट निघालं ते असं की मलाही कळलं. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. भाचा ते दोन्ही हातांवर घेऊन उभा राहिला, तान्हं मूल घ्यावं तसं, आणि कुणाला दाखवू म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. सूनबाई टेबलाखालचे धागे झाडत होती.

स्कूटर पाण्यात उतरवायच्या दिवशी डॉक्टर अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख घालून आले. माणूस भला आहे, तेव्हा मी त्या दृश्याविषयी लिहीत नाही. पहिली फेरी नेहमी सूनबाई मारायची. धक्क्यापासून तिने स्कूटर हलकेच बाहेर काढली आणि मग मूठ पिळली. पाण्यावर पांढरी रेघ उमटली. नाक वर आलं, मग बेताने खाली बसलं, जसं कागदावर ठरलं होतं तसंच. ती लहान होत होत टिपक्याएवढी झाली. आणि तिथे आवाज थांबला.

भाचा धक्क्याच्या टोकाला गेला. इंजिन बंद पडलं का, पंपात काही अडकलं का, असं एकामागून एक बोलायला लागला. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. म्हटलं, काही अडकलं नाही. नुसती बसलीये.

ती तशी बसून राहिली. पाणी सपाट होतं. मग पुन्हा पांढरी रेघ आमच्याकडे यायला लागली. धक्क्याला लागल्यावर भाच्याने टॉवेल पुढे केला आणि कशी आहे ते विचारलं. ती म्हणाली, फार हलकी आहे, अंगाखाली काही आहे असं वाटतच नाही.

मग डॉक्टर गेले आणि बऱ्याच वेळाने आले. त्यांचे केस उभे राहिले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्याने म्हणा किंवा कशाने म्हणा. त्यांनी एका हातात भाच्याचा हात घेतला, दुसऱ्यात सूनबाईचा, आणि म्हणाले, "तुमची जोडी अशीच राहू दे." भाच्याने मान हलवली. सूनबाईनेही हलवली. डॉक्टरांचं गणित चुकलंय हे सांगायला कुणाचंही तोंड उघडलं नाही. समोर दातांचा डॉक्टर असून.

तिची आवराआवर फार नव्हती. ती कागदाचे बेत गुंडाळत होती तेव्हा मी मदतीच्या नावाखाली तिच्या मध्ये मध्ये करत होतो.

"मामा, मेण मी लावलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"थिनरचा बोळा कचऱ्याच्या डब्यात वरच पडला होता. लपवायचीही अक्कल नाही त्याला." ती थोडी हसली. "मला वाटलं, साचा बुडवला, म्हणजे आता बोलेल. एवढं केल्यावर माणूस बोलतोच ना?"

म्हटलं, तूच का नाही राहत न विचारता? त्याचं मन तुला कळलंय.

"कळलंय," ती म्हणाली. "माझ्या बाबांच्या वेळीही कळलं होतं, की त्याला वाईट वाटलंय. मला आता कळून घ्यायचा कंटाळा आलाय, मामा. कुणीतरी सांगावं."

मी तिला सुतळी दिली. तिने जुनी कात्री पिशवीत टाकली आणि नवी खुंटीवर राहू दिली. दारापर्यंत गेली, परत आली आणि नवीही घेतली.

भाचा गाडीपर्यंत बॅग घेऊन गेला. बॅगेचं वजन त्याने हातातल्या हातात तोललं, ते मी पाहिलं. ती मला म्हणाली, येते. सवयीने म्हणाली. म्हटल्यावर तिच्याही लक्षात आलं, पण तिने शब्द परत घेतला नाही. भाचा म्हणाला, पोचलीस की कळव. ती पोचली आणि तिने कळवलं.

त्यानंतर कारखाना काही दिवस बंदच होता. एका सकाळी खाली दार उघडल्याचा आवाज आला म्हणून मी उतरलो. भाचा टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे, त्या जुन्या डागाच्या बरोबर वर, रेझिनचा डबा होता. हार्डनरची बाटली बाजूला, झाकण लावलेली. साचा नव्हता, कापड नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "हे अजून ढवळलेलं नाही. आता बोललं तर चालेल ना?"

मी स्टुलावर बसलो. तो बोलायला लागला आणि थांबेना. मेणाचं बोलला, चहाच्या दुकानात काय म्हणायचं होतं ते बोलला. तिच्या बाबांचा फोन ठेवल्यावर आपले हात कसे कापत होते, आणि हात कापतायत हे तिला दिसू नये म्हणून पुढचा तुकडा मागितला, तेही बोलला. हे त्याने मलाही आधी कधी सांगितलं नव्हतं. दोन वाक्यांचं ओझं म्हणालो होतो मी, ते गाडाभर निघालं.

मी तिचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. मी राहायला आलो तोवर आमच्याकडे फोन तसाच ठेवायची पद्धत पडली होती, हात चिकट असायचे म्हणून.

"बोल," ती म्हणाली. मागे मुलांचा गलका होता.

भाच्याने डब्याकडे पाहिलं. "डॉक्टरांनी बॉनेटचा फोटो पाठवलाय," तो म्हणाला. "कोपरा छान आलाय."

"माहीत आहे. मीच दाबलाय."

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तिच्याकडचा गलका कमी झाला, कुठेतरी दार लागलं. ती बाजूला आली असावी.

"ढवळलंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बोल की."

ती थांबली. तिकडे एवढ्या लांबवर ती थांबली आहे, हे मला इथे ऐकू येत होतं. भाच्याचं तोंड उघडलं. मघाशी माझ्यापुढे पाण्यासारखं वाहिलेलं सगळं तिथेच होतं, ओठांच्या आत. मग त्याचा हात हार्डनरच्या बाटलीकडे गेला. त्याने झाकण काढलं, नेमकं मापाने ओतलं आणि काडी घेऊन ढवळायला लागला.

"आता ढवळतोय," तो म्हणाला.

मग ती म्हणाली, "बरं. ठेवते मग."

फोन बंद झाला. तो ढवळतच राहिला, कडेचं आत घेत, तळाचं वर आणत, जसं ढवळायला हवं तसं. मी स्टूल पुढे ओढलं आणि डब्याला हाताची मागची बाजू लावली. घालायला साचा नव्हता, द्यायला तुकडा नव्हता. डबा कोमट झाला. मग गरम झाला.

"तापला," मी म्हणालो.